पहिला सायन्स फिक्शन युद्धखेळ: छोटा बॉक्स आधी, मोठा नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तुम्ही आणि बारा वर्षांची लेक, दोघंच खेळणार. तिला बुद्धिबळ चांगलं येतं, रोबो आणि अंतराळाचं वेड आहे. डावपेच लढवता येतील असा सायन्स फिक्शन बोर्डगेम हवा; पहिलाच आहे म्हणून सोपा हवा आणि एकदा घेतला की दर महिन्याला नवीन काही विकत घ्यायला लागू नये. बॅटलटेकचं नाव कुणीतरी सुचवलंय, पण त्या नावाचे पाच-सहा बॉक्स दिसतात आणि नेमका कोणता घ्यावा ते उमगत नाही. शिवाय त्यातली मिनिएचर, म्हणजे सोंगट्यांच्या जागी येणाऱ्या छोट्या प्रतिकृती, रंगवावी लागतात का, हीही शंका आहे.

आधी उत्तर देतो. बॅटलटेकचा ‘बिगिनर बॉक्स’ घ्या. त्यावर पाच-सहा डाव झाले आणि लेक स्वतःहून पुढचा डाव मागायला लागली, तर ‘अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट’ हा मोठा बॉक्स घ्या. त्यापलीकडे निदान वर्षभर काहीही घेऊ नका. मिनिएचर जुळवलेली येतात, ती रंगवली नाहीत तरी खेळात कणभर फरक पडत नाही. आता कारणं सांगतो, कारण तुमच्याकडची एखादी गोष्ट वेगळी असेल तर उत्तरही बदलेल.

‘सोपा’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे नियम कमी असणं, दुसरी म्हणजे आपल्या पाळीला काय करायचं ते स्पष्ट दिसणं. नवख्यांना अडतं ते दुसऱ्या ठिकाणी. नियम थोडे जास्त असले तरी चालतात, पण ‘मी आता काय करू?’ याचं उत्तर समोर दिसत नसेल तर अर्ध्या तासात लक्ष उडतं. दुसरा अडथळा मांडणीचा. ज्या खेळात पहिला तास सोंगट्या, कार्डं आणि टोकन लावण्यात जातो, तो खेळ तिसऱ्यांदा उघडला जात नाही. म्हणून पहिल्या खरेदीत मी तीन गोष्टी बघायला सांगतो: एकाच बॉक्समध्ये दोघांचा पूर्ण डाव होतो का, मांडणी दहा मिनिटांत होते का, आणि पहिला डाव तासाभरात संपतो का. बिगिनर बॉक्स या तिन्हीत बसतो.

ज्यावर उत्तर बदलू शकतं ते आधीच बोलून टाकतो. नियमपुस्तक इंग्रजीत आहे. लेक ते स्वतः वाचणार असेल तर उत्तम. नसेल तर तुम्ही आधी वाचून तिला तोंडी शिकवा, दोघांनी एकत्र पान उलटत बसू नका. खेळणारे दोनाचे चार होणार असतील, किंवा समोरासमोर लढण्यापेक्षा मिळून खेळायची आवड असेल, तर दुसरा खेळ बघावा लागेल. त्याबद्दल पुढे लिहिलंय. आणि तिला हरणं फार लागत असेल, तर फाशांच्या खेळाची तिला आधी थोडी ओळख करून द्या.

बॅटलटेक पहिल्यांदा १९८४ मध्ये अमेरिकेतल्या फासा या कंपनीने ‘बॅटलड्रॉइड्स’ नावाने काढला. ‘ड्रॉइड’ या शब्दावर लुकासफिल्मचा हक्क असल्यामुळे पुढच्याच वर्षी नाव बदललं. आज तो कॅटलिस्ट गेम लॅब्ज प्रकाशित करते. ‘मेक’ म्हणजे आत माणूस बसून चालवतो असा दोन पायांचा अवाढव्य रणगाडा. नकाशा षटकोनी घरांचा, एक घर म्हणजे ३० मीटर, एक फेरी म्हणजे १० सेकंद. प्रत्येक मेकचा एक कागद असतो. त्यावर चिलखताचे गोल छापलेले असतात, मार बसला की ते खोडत जायचं. नेम आणि मार दोन्हीला दोन साधे सहा बाजूंचे फासे. या खेळाचा गाभा चाळीस वर्षांत फारसा हललेला नाही, आणि पहिली खरेदी म्हणून तो सुचवण्यामागे हेही एक मोठं कारण आहे: आज शिकलेलं पुढच्या आवृत्तीत वाया जात नाही.

बिगिनर बॉक्समध्ये प्लॅस्टिकचे दोन मेक, पुठ्ठ्याचे उभे राहणारे आणखी काही मेक, नकाशा, नोंदीचे कागद, दोन फासे आणि पातळ नियमपुस्तिका येते. २०१९ च्या आवृत्तीत ग्रिफिन आणि वुल्व्हरीन ही जोडी आहे; दुसऱ्या छपाईत जोडी वेगळी दिसली तर घाबरू नका, नियमांना त्याने फरक पडत नाही. शस्त्रं डागली, उडी मारली की मेक तापतो; त्या उष्णतेचा हिशेब या बॉक्समध्ये मुद्दाम वगळलाय. जाणकार मंडळी त्याला नाकं मुरडतात आणि ‘थेट मोठाच घ्या’ म्हणतात. माझं मत उलट आहे. उष्णता हा बॅटलटेकचा आत्माच आहे, पण पहिल्या डावात नेम धरायला शिकतानाच तिचाही हिशेब ठेवायला लागला, तर दोन्ही अर्धवट राहतं.

आता एक फेरी जवळून बघू. उदाहरण मोठ्या बॉक्सच्या पूर्ण नियमांनी देतो, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय तेही कळेल. नेमाचा हिशेब छोट्या बॉक्समध्येही याच धर्तीवर चालतो.

समजा वुल्व्हरीन लेकीचा, ग्रिफिन तुमचा. दोन्ही ५५ टनांचे. दोन्ही चालत ५ घरं, धावत ८ घरं आणि उडी मारून ५ घरं जातात. शस्त्रं मात्र वेगळी. ग्रिफिनकडे पीपीसी ही लांब पल्ल्याची तोफ आणि एलआरएम-१० ही दहा क्षेपणास्त्रांची पेटी. वुल्व्हरीनकडे ऑटोकॅनन-५, मीडियम लेझर आणि जवळून मारायची सहा क्षेपणास्त्रांची पेटी, एसआरएम-६. म्हणजे ग्रिफिनला लांब राहायचंय आणि वुल्व्हरीनला जवळ यायचंय. हेच ते ‘समोर स्पष्ट दिसणं’. नियमपुस्तिका न उघडताही मुलीला कळतं की आपल्याला पुढे सरकायचं आहे.

तुमचा ग्रिफिन ५ घरं उडी मारून विरळ झाडीत उतरला. तिचा वुल्व्हरीन ४ घरं चालून आला. मधलं अंतर ६ घरं. ती ऑटोकॅनन डागते. हिशेब पाच आकड्यांचा: नेम, आपली चाल, त्याची चाल, आडोसा, अंतर. याच क्रमाने तिला तोंडपाठ करायला लावा आणि एका कार्डावर लिहून समोर ठेवा. नेम म्हणजे चालकाचं कौशल्य, ते ४. आपली चाल: ती चालत आली म्हणून १ (धावली असती तर २, उडी मारली असती तर ३). त्याची चाल: तुम्ही ५ घरं सरकलात म्हणून २ आणि उडी मारलीत म्हणून आणखी १, असे ३. आडोसा: विरळ झाडी, १. अंतर: ऑटोकॅननला ६ घरं जवळच धरतात, म्हणून ०. एकूण ९. दोन फाशांवर ९ किंवा जास्त पडलं तर गोळा लागला. ही शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे सुमारे २८ टक्के.

आता तिला विचारा, ‘तू जागची हललीच नसतीस तर?’ अंतर तेवढंच धरलं तर आकडा ८ झाला असता आणि शक्यता ४२ टक्क्यांवर गेली असती. ग्रिफिन झाडीऐवजी उघड्यावर असता तर ७, म्हणजे ५८ टक्के. एकेका आकड्यामागे शक्यता अशी दहा-पंधरा टक्क्यांनी उडते. पण ती हलली नसती तर तिच्यावर नेम धरणंही तुम्हाला सोपं गेलं असतं. सगळा खेळ या ओढाताणीत आहे आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांना तो इथेच भिडतो.

तुमचा जबाब बघा. पीपीसीसाठी: नेम ४, तुम्ही उडी मारलीत म्हणून ३, ती ४ घरं सरकली म्हणून १, ती उघड्यावर म्हणून ०, अंतर जवळचं म्हणून ०. एकूण ८. तुम्ही स्वतः ज्या झाडीत उभे आहात तिचा तुमच्या नेमाला अडथळा होत नाही. नवखे हे हमखास चुकतात आणि तो १ स्वतःलाही लावतात. एलआरएमला मात्र किमान पल्ला असतो, ६ घरांचा. तेवढ्या जवळून मारताना १ वाढतो, म्हणून ९. अंतर आणखी कमी झालं तर तो दंड घरागणिक वाढत जातो. लेकीला जवळ का यायचंय, त्याचं हे दुसरं कारण.

आता उष्णता. उडीचे ५, पीपीसीचे १०, एलआरएमचे ४, एकूण १९. ग्रिफिनचे हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषणारे भाग, १२ शोषतात, ७ उरतात. पाचावर गेलं की पुढच्या फेरीत चाल एकाने कमी, आठावर गेलं की नेमही बिघडतो. फक्त पीपीसी डागली असती तर १५ मधून १२ गेले, ३ उरले, काहीच बिघडलं नसतं. म्हणजे प्रश्न असा होतो: २८ टक्के शक्यतेच्या क्षेपणास्त्रांसाठी पुढच्या फेरीत एक घर कमी सरकायचं का? वुल्व्हरीन अंगावर येत असताना माझं उत्तर ‘नाही’ असं असेल. तो शेवटच्या घटकेला आलेला असेल तर ‘हो’.

बुद्धिबळाच्या मुलांबद्दल एक सूचना. बुद्धिबळात घोडा मारतो म्हणजे मारतोच. इथे ५८ टक्क्यांचा नेम चुकतो आणि ८ टक्क्यांचा लागतो, आणि पहिल्यांदा असं झालं की मुलं चिडतात, ‘हा नशिबाचा खेळ आहे’ म्हणून सोडून देतात. त्यावर साधा इलाज आहे. एका कार्डावर लिहून द्या: ५ ला ८३ टक्के, ६ ला ७२, ७ ला ५८, ८ ला ४२, ९ ला २८, १० ला १७, ११ ला ८. आणि नियम करा की फासे टाकण्याआधी टक्के मोठ्याने बोलायचे. दोन डावांत तिला कळतं की कौशल्य फासे पडण्याआधीच संपलेलं असतं. आपण ८ चा नेम ७ वर कसा आणला, यात ते असतं.

पहिल्या डावांत चुका ठरलेल्याच होतात. सर्वांत जास्त होणारी म्हणजे चाल विसरणं. दोघांनी मेक हलवले, गोळीबार सुरू झाला आणि ‘तू किती घरं आलीस? धावलीस की चाललीस?’ यावरून वाद. उपाय: हलवल्या हलवल्या मेकच्या शेजारी एक छोटा फासा ठेवायचा. पांढरा म्हणजे चाल, काळा म्हणजे धाव, लाल म्हणजे उडी. फाशावर वर दिसणारा आकडा म्हणजे त्या चालीने समोरच्याच्या नेमात किती भर पडते तो. तीन रंगांचे मिळून डझनभर छोटे फासे वेगळे घेऊन ठेवा. या खेळात बॉक्सबाहेरची खरी गरजेची खरेदी एवढीच.

दुसरी चूक पाळीची. पाळीसाठी दोघं फासे टाकतात आणि जिंकणारा आधी हलायला धावतो. इथे उलट आहे: हरलेला आधी हलतो, जिंकलेला त्याची चाल बघून मग हलतो. नंतर हलणं हाच फायदा. तिसरी चूक, मेलेल्या मेकला त्याच फेरीत गप्प बसवणं. गोळीबार एकाच वेळी झाला असं धरायचं असतं; त्या टप्प्यातला मार टप्पा संपल्यावर लागू होतो. त्यामुळे कोसळणारा मेकही आपल्या वाट्याच्या गोळ्या झाडून मगच जातो. ही चूक केली तर पाळी जिंकणाऱ्याला अवाजवी फायदा मिळतो आणि खेळ एकतर्फी वाटायला लागतो. चौथी तोंडाची दिशा. मेकचं तोंड षटकोनाच्या सहांपैकी एका बाजूकडे नेमकं असलं पाहिजे, कोपऱ्याकडे नाही. नाहीतर मागून मार बसला की बाजूने, यावर डाव अडतो. मागचं चिलखत पातळ असतं, त्यामुळे हा वाद क्षुल्लक नसतो.

नोंदीच्या कागदांवर थेट पेन चालवू नका. दहा-बारा झेरॉक्स काढून ठेवा, किंवा कागद पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवून व्हाइटबोर्डच्या बारीक मार्करने खूण करा आणि डाव संपला की पुसा.

पहिले डाव असे लावा. पहिला: एकास एक, एक नकाशा, सहा फेऱ्यांची मर्यादा. दुसरा: तेच मेक, पण अदलाबदल करून. हा डाव टाळू नका. समोरच्याचा मेक चालवल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही. तिसरा-चौथा: पुठ्ठ्याचे मेक घेऊन दोनास दोन. इथेच खेळ खऱ्या अर्थाने उघडतो, कारण आता ‘कोणाला आधी हलवू?’ हा प्रश्न येतो. साधारणपणे ज्याच्या चालीने काही उघड होत नाही त्याला आधी हलवायचं, हुकमाचा मेक शेवटी.

मोठ्या बॉक्समध्ये, म्हणजे ‘अ गेम ऑफ आर्मर्ड कॉम्बॅट’मध्ये, आठ मेक आहेत: लोकस्ट, कमांडो, शॅडो हॉक, वुल्व्हरीन, थंडरबोल्ट, कॅटापुल्ट, ऑसम आणि बॅटलमास्टर. सोबत दोन दुहेरी नकाशे आणि पूर्ण मूळ नियम. लोकस्ट २० टनांचा, धावत १२ घरं जातो. त्याच्यावर नेम धरताना नुसत्या चालीचेच ४ वाढू शकतात. ऑसम ८० टनांचा, धावत जेमतेम ५ घरं, पण तीन पीपीसी घेऊन येतो. तिन्ही डागून चालला तर ३१ उष्णता, हीटसिंक २८. म्हणजे दर फेरीला ३ साठत जातात आणि दोन-तीन फेऱ्यांनी एका तोफेला विश्रांती द्यावीच लागते. नियम एकदम सगळे घेऊ नका. आधी फक्त उष्णता. मग आतल्या भागांची मोडतोड. शेवटी हाणामारी; ५५ टनी मेकची लाथ ११ चा मार देते, पीपीसीपेक्षा एक जास्त, पण चुकली तर लाथ मारणाराच आपटू शकतो. हे कळल्यावर बारा वर्षांची मुलगी दुसरं काही करेल असं वाटत नाही.

मेक वाटून घेताना टन मोजू नका. प्रत्येक मेकला ‘बॅटल व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो, तो जुळवा. वर सांगितलेल्या आठ मेकच्या मूळ रूपांची समसमान वाटणी अशी होते: ऑसम (१६०५), थंडरबोल्ट (१३३५), शॅडो हॉक (१०६४) आणि लोकस्ट (४३२) एका बाजूला, बेरीज ४४३६, बॅटलमास्टर (१५१९), कॅटापुल्ट (१३९९), वुल्व्हरीन (११०१) आणि कमांडो (५४१) दुसऱ्या बाजूला, बेरीज ४५६०. एवढा फरक डावात जाणवत नाही. पण चारास चार हा पूर्ण नियमांचा डाव नवख्यांना अख्खी दुपार खातो. सुरुवात दोनास दोनने करा: शॅडो हॉक आणि कमांडो (१६०५) विरुद्ध वुल्व्हरीन आणि लोकस्ट (१५३३).

आता खरेदीतल्या फसगती. दुकानाच्या यादीत नुसतं ‘बॅटलटेक’ दिसलं म्हणून घेऊ नका. ‘लान्स पॅक’ किंवा ‘फोर्स पॅक’ यांत फक्त मिनिएचर आणि त्यांची कार्डं असतात. नियम नसतात, नकाशा नसतो. ‘क्लॅन इन्व्हेजन’ आणि ‘मर्सिनरीज’ हे बॉक्स दिसायला मोठे आणि देखणे आहेत, पण ते पुरवणीचे आहेत. मूळ नियमांशिवाय खेळता येत नाहीत. ‘अल्फा स्ट्राइक’ हा बॉक्स स्वतंत्र खेळता येतो, पण त्याचे नियम वेगळे आहेत: षटकोनांऐवजी मोजपट्टीने इंचात हलायचं, प्रत्येक मेकला एकच कार्ड, मोठ्या फौजांसाठी वेगवान. तो वाईट नाही, पण पटावरची घरं मोजायची सवय असलेल्या मुलीला षटकोनी नकाशाच जास्त मानवेल. जाडजूड नियमग्रंथही दिसतील. आत्ता एकही नको.

२०१९ मध्ये छोट्या बॉक्सची अमेरिकेतली छापील किंमत सुमारे २० डॉलर होती, मोठ्याची सुमारे ६०; आज ती वाढलेली असू शकते. भारतातल्या दुकानदाराकडून घेताना तुलना तिथल्या आजच्या छापील किमतीशी करा. परदेशातून मागवणार असाल तर पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क धरून दारात पोचेपर्यंतचा आकडा आधी लेखी मागून घ्या. छोट्या बॉक्सच्या बाबतीत पाठवणीच खेळाहून महाग पडू शकते, आणि तसं असेल तर दोन्ही बॉक्स एकाच पार्सलमध्ये मागवणं शहाणपणाचं. आतल्या वस्तूंचे फोटो मागा. बॉक्सवर प्रकाशकाचं नाव नसेल आणि किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर दुकानदार बहुधा मिनिएचरची नक्कल विकतोय.

पैसे घालायच्या आधी फुकटात चाखूनही बघता येतं. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर क्विक-स्टार्ट नियमांची पीडीएफ मोफत मिळते. षटकोनी घरांचा कागद छापून घ्या, मेकच्या जागी टोकाला बाण काढलेली बाटलीची झाकणं ठेवा आणि एक डाव खेळा. मेगामेक नावाचा मोफत संगणकीय प्रकारही आहे; सगळा हिशेब तोच करतो, त्यामुळे शिकताना तुमचा आकडा बरोबर आला का ते ताडून बघायला तो छान. झाकणांवर खेळूनही लेक रंगली तर बॉक्स घ्यायला हरकत नाही. झाकणांवर कंटाळली तर सुंदर मिनिएचर तिला आणखी दोनच डाव धरून ठेवतील.

बॅटलटेक बसत नसेल तर इतर पर्याय. पैसे अगदी मोजके असतील आणि मिनिएचरची ओढ नसेल, तर स्टीव्ह जॅक्सनचा ‘ओगर’. १९७७ मध्ये तो २ डॉलर ९५ सेंटला खिशात मावणारा खेळ म्हणून आला. एका बाजूला एकच राक्षसी स्वयंचलित रणगाडा, दुसऱ्या बाजूला अख्खी फौज आणि तिचं मुख्यालय. सुरुवातीच्या डावात मार्क-३ ओगरसमोर २० पायदळ तुकड्या आणि १२ चिलखती गाड्या असतात. ओगरला ४५ पट्टे, म्हणजे ज्यांवर रणगाडा सरकतो ते. दर १५ पट्टे तुटले की त्याची चाल एकाने घटते, ३ वरून २, मग १, मग ठप्प. पट्ट्यांवरचा हल्ला एका फाशावर ५ किंवा ६ पडलं तरच लागतो. म्हणून फौजेच्या खेळाडूपुढे सतत एकच प्रश्न: तोफा फोडू की पाय तोडू? नियम तासाभरात येतात आणि डावही साधारण तेवढ्यातच उरकतो. दोघांची बाजू इतकी वेगळी असणं काही मुलांना फार आवडतं, काहींना ‘हे समान नाही’ म्हणून खुपतं.

चार-पाच जण असतील तर ‘स्टार वॉर्स: इम्पीरियल असॉल्ट’ (२०१४) बघा. एक जण साम्राज्याच्या बाजूने, बाकीचे मिळून नायक. खेळ उत्तम आहे, पण बॉक्स महाग, मांडणी लांब, आणि मोहीम पूर्ण करायला तीच माणसं पुन्हा पुन्हा जमावी लागतात. दोघांच्या घरात तो बहुतेक वेळा कपाटावर जातो. ‘एक्स-विंग’ या अंतराळविमानांच्या खेळाचं नाव कुणी सुचवेल. त्याचं उड्डाणाचं तंत्र अफलातून आहे, पण २०२४ मध्ये प्रकाशकाने त्याचं पुढचं काम थांबवलं. शिवाय २०१२ ची पहिली आणि २०१८ ची दुसरी आवृत्ती एकमेकींशी सरळ जुळत नाहीत, त्यामुळे जुन्या वस्तू स्वस्तात मिळाल्या तरी नवख्याने त्यात हात घालू नये. ‘स्पेस हल्क’ची चौथी आवृत्ती २०१४ ची, आता तो संग्राहकांच्या भावाने मिळतो, पहिल्या खेळासाठी तेवढे पैसे घालू नका. लेक आठ-नऊ वर्षांची असती तर ‘हीरोस्केप’ सुचवला असता. प्लॅस्टिकचे षटकोन रचून डोंगर-दऱ्या उभ्या करायच्या, नियम अगदी थोडके. पण त्यात सायन्स फिक्शनसोबत शूरवीर आणि ड्रॅगनही येतात.

राहिली रंगाची आणि देखभालीची गोष्ट. मिनिएचर करड्या प्लॅस्टिकची, बिनरंगी येतात. दोन बाजू ओळखता याव्यात म्हणून फक्त तळाच्या षटकोनी चकतीची कड रंगवा, एकाची लाल, दुसऱ्याची निळी. शाळेच्या अॅक्रेलिक रंगाचे दोन पातळ हात पुरतात. पूर्ण मेक रंगवायची हौस लेकीला आली तर आधी ते कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, प्रायमर मारा आणि मगच रंग, नाहीतर हाताळताना कोपऱ्यांचे पापुद्रे निघतात. नकाशे कागदाचे, साधारण १८ बाय २२ इंचांचे, घडी घातलेले येतात; घडीवर मेक नीट उभा राहत नाही. काचेच्या दुकानातून २ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक अॅक्रेलिक तुकडा त्याच मापाचा कापून घ्या आणि नकाशावर ठेवा. घडी बसते, चहाही सांडला तरी चालतो. पावसाळ्यात नकाशे घडी न घालता, त्या अॅक्रेलिकखालीच सपाट ठेवा आणि बॉक्समध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

नकाशाला दमट हवा लागू द्यायची नाही, एवढं सांभाळलं की झालं. पहिल्या डावात काही अडलं, तर अडलेल्या फेरीतले पाच आकडे त्याच क्रमाने इथे लिहा: नेम, आपली चाल, त्याची चाल, आडोसा, अंतर. शस्त्राचं नाव आणि दोन्ही मेकमधली घरंही लिहा. तेवढ्यावरून चूक कुठे झाली ते सांगता येतं.